सडाजवळची गाठ, बैलाचं शिंग आणि "बघू पुढच्या महिन्यात"

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमची लॅब्राडोर ९ वर्षांची, नसबंदी केलेली नाही, दिवाळीच्या आसपास मागच्या सडाजवळ वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, पाच महिन्यांत ती लिंबाएवढी झाली आणि शेजारी अजून एक बारीक लागतेय. खाते, पिते, खेळते, गाठ दुखत नाही, म्हणून घरातले म्हणतात राहू दे. दुसरं म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तुमच्या मामांचा खिल्लार बैल महिनाभर मान एका बाजूला कलती धरतोय, शिंग खांबाला घासतोय आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतंय. तुम्हाला हवंय ते असं की ह्या गाठी जनावरात होतात कशा, पसरतात कशा, शरीराचं नक्की काय करतात, आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला किंवा मुलांना लागतील का.

आधी कामाचं सांगतो, बाकी मग सावकाश वाचा. कुत्रीला ह्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या आणि मामांना आजच फोन करा. गाठ दुखत नाही हे थांबण्याचं कारण नाहीये. मी २६ वर्षं प्रॅक्टिस करतोय, पहिली दहा गावोगाव गोठ्यात आणि नंतर स्वतःचं क्लिनिक, आणि ह्या एवढ्या वर्षांत जी जनावरं मला वाचवता आली नाहीत त्यातल्या कितीतरी जणांच्या मालकांनी गाठ चार-सहा महिने आधीच पाहिलेली होती. त्यांचं प्रेम कमी होतं असं अजिबात नाही हो, जनावर ओरडत नाही म्हणून ते थांबले. सुरुवातीला बहुतेक कॅन्सर दुखतच नाहीत, दुखायला लागतात ते फुटल्यावर, हाडात गेल्यावर किंवा नसेवर दाब आल्यावर.

आता होतं कसं ते. शरीरातली पेशी कधी वाढायची, कधी थांबायची आणि कधी मरायची ह्याच्या सूचना तिच्या जनुकांमधे असतात. दर वेळी पेशी दुभंगताना ह्या सूचनांची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. बहुतेक चुका दुरुस्त होतात किंवा ती पेशी मरते. पण एखाद्या पेशीत एकावर एक अशा चुका साठल्या, वाढीचं बटण चालूच राहिलं, ब्रेक निकामी झाला आणि मरायची सूचनाही पुसली गेली, की ती पेशी आपल्यासारख्याच पेशी तयार करत सुटते. म्हणून वय वाढेल तसं गाठींचं प्रमाण वाढतं, आणि कुत्र्याचं आयुष्य आपल्याहून लहान असल्यामुळे आपल्याला पन्नाशी-साठीत जे दिसतं ते त्यांच्यात आठव्या-नवव्या वर्षी दिसतं. चुका वाढवणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात, कुठे ऊन, कुठे विषाणू, कुठे खाण्यातलं विष, आणि तुमच्या कुत्रीच्या बाबतीत हार्मोन. कुत्री माजावर आली की प्रत्येक वेळी दुधाच्या ग्रंथी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनमुळे फुगतात, पेशी दुभंगतात, मग परत बसतात, वर्षातून साधारण दोनदा हे चालतं आणि ९ वर्षांत किती वेळा झालं असेल ते तुम्हीच मोजा.

आकाराचा हिशोब मात्र नीट समजून घ्या, मी प्रत्येक मालकाला कागदावर मांडून दाखवतो. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं करत एक सेंटीमीटरची गाठ व्हायला साधारण ३० वेळा दुप्पट व्हावं लागतं, तेव्हा त्यात १०० कोटीच्या आसपास पेशी असतात आणि वजन भरतं जेमतेम एक ग्रॅम. तिथून पुढे फक्त १० वेळा दुप्पट झाली की एक किलो. म्हणजे तुमच्या बोटाला पहिल्यांदा वाटाणा लागला तेव्हा त्या गाठीचा बराचसा प्रवास आधीच झालेला होता. दुसरं असं की गाठीची रुंदी दुप्पट दिसली की आतलं मास आठपट झालेलं असतं, त्यामुळे "थोडीशीच वाढलीय" हे डोळ्याला वाटतं, प्रत्यक्षात तसं नसतं.

एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर गाठीला रक्त लागतं. मग ती आजूबाजूच्या ऊतींना सूचना सोडून स्वतःकडे नवीन रक्तवाहिन्या ओढून घेते. जुडाह फोकमन ह्या अमेरिकन सर्जननी १९७१ मधे हा विचार मांडला तेव्हा फार जणांना पटला नव्हता, आज त्यावर औषधं आहेत. ह्या नव्या वाहिन्या कच्च्या आणि गळक्या असतात, म्हणून मोठ्या गाठींतून रक्त येतं, मधला भाग उपाशी राहून कुजतो आणि वास सुटतो. लोकांना वाटतं गाठ "पिकली", आता फुटून बरी होणार. गळू पिकतं ताई, कॅन्सरची गाठ पिकत नाही, ती आतून सडते.

साधी गाठ आणि वाईट गाठ ह्यात फरक वाढायच्या पद्धतीत आहे. साधी गाठ स्वतःच्या पिशवीत राहून वाढते, शेजाऱ्याला ढकलते पण त्याच्यात शिरत नाही. वाईट गाठ हरळीसारखी. वरून खुरपली तर परत उगवते कारण मुळ्या बाजूला आणि खाली गेलेल्या असतात, त्यामुळे काढताना भोवतालचं चांगलं दिसणारं मासही दोन-तीन सेंटीमीटर काढावं लागतं, आणि मालक विचारतात डॉक्टर एवढ्याशा गाठीला एवढी मोठी चीर कशाला, तर ह्यासाठी.

आणि हाताला मऊ लागली म्हणून साधी हे कुणी सांगितलं तर ऐकू नका, मी सांगितलं तरी. सुरुवातीच्या काळात एका बॉक्सरच्या छातीवरची मऊ, हलणारी गाठ मी हात लावून चरबीची म्हणून सोडून दिली होती. तीन महिन्यांनी तो काळी शी आणि उलट्या घेऊन आला. ती मास्ट सेलची गाठ होती. मास्ट सेल म्हणजे अ‍ॅलर्जीत काम करणारी पेशी, तिच्यात हिस्टामिन भरलेलं असतं, ते रक्तात सुटलं की पोटातलं आम्ल वाढतं, जठरात अल्सर होतात, गाठ कुठे आणि रक्तस्राव कुठे. त्या दिवसापासून सुई घातल्याशिवाय मी कुठल्याही गाठीला नाव देत नाही. साधी इंजेक्शनची बारीक सुई, भूल नको, दोन मिनिटांचं काम, काचेवर पसरवून रंगवायचं आणि बघायचं. चरबी, मास्ट सेल, लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) हे बरेचदा तिथेच कळतं. दुधाच्या ग्रंथीच्या गाठीत मात्र सुईवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, तिथे खरा निकाल काढलेल्या गाठीच्या हिस्टोपॅथॉलॉजीतूनच, म्हणजे तिचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच लागतो.

आता पसरणं. कुत्रीला साधारण पाच जोड्या दुधाच्या ग्रंथी असतात. पुढच्या ग्रंथींचं लसिका द्रव बहुतांशी काखेतल्या लिम्फ नोडकडे, म्हणजे ते द्रव गाळणाऱ्या छोट्या ग्रंथीकडे जातं आणि मागच्या दोन जोड्यांचं जांघेतल्या नोडकडे. तुमच्या कुत्रीची गाठ मागची आहे, म्हणून डॉक्टर सगळ्यात आधी जांघेत चाचपतील. कॅन्सरची पेशी गाठीतून सुटते, वाहिनीच्या भिंतीतून आत घुसते, प्रवाहात टिकते, दुसरीकडे बाहेर पडते आणि तिथे घर करते. ह्यातली प्रत्येक पायरी अवघड आहे, सुटलेल्या पेशींपैकी फारच थोड्या तगतात, पण गाठ मोठी असेल तर रोज सुटणाऱ्या पेशीच इतक्या असतात की एखादी तगते. शरीरातून फिरून हृदयाकडे येणारं रक्त पहिल्यांदा गाळलं जातं ते फुफ्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत, म्हणून फुफ्फुस हे सगळ्यात नेहमीचं ठिकाण, आणि आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं म्हणून आतड्याचे कॅन्सर यकृतात दिसतात. पण नुसता रक्ताचा रस्ता सगळं सांगत नाही. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननी १८८९ मधे लिहिलं की हे बी आणि जमिनीसारखं आहे, बी सगळीकडे पडतं पण उगवतं जमीन मानवेल तिथेच. आपल्याकडे शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही, भाताच्या खाचरात बाजरी टाकून काय होतं ते त्याला माहीत असतं.

ह्याच बाबतीत माझी एक चूक झाली ती लिहितो, कारण ती परत कुणी करू नये. बरीच वर्षं झाली, एका डॉबरमन कुत्रीची नारळाएवढी गाठ मी छातीचा एक्सरे न काढता काढली. ऑपरेशन छान झालं, टाके सुंदर भरले, घरचे खूश. पाचव्या आठवड्यात ती धापा टाकत आली आणि एक्सरेत दोन्ही फुफ्फुसं गोल गोल ठिपक्यांनी भरलेली. ते ठिपके ऑपरेशनच्या दिवशीही तिथे असणार. मी तिला एक मोठी जखम दिली आणि तिच्या उरलेल्या दिवसांतले पंधरा दिवस गळ्यात कॉलर घालून घालवायला लावले. तेव्हापासून आधी छातीचे तीन एक्सरे, दोन्ही कुशींवर एकेक आणि एक उताणं, मगच सुरी. आणि एक्सरे स्वच्छ आला तरी अर्धा-पाऊण सेंटीमीटरच्या आतले ठिपके त्यात सहसा दिसत नाहीत, हे मी मालकाला आधीच सांगून ठेवतो.

काही कॅन्सर तर दिसायच्या आधीच पसरलेले असतात. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड वगैरे, पायाच्या हाडाचा ऑस्टिओसार्कोमा होतो. लंगडतो, मुरगळलंय म्हणून महिनाभर मलम चोळतात. निदान होतं तेव्हा दहापैकी नऊ कुत्र्यांत न दिसणारे कण फुफ्फुसात पोचलेले असतात, म्हणून नुसता पाय काढला तर वेदना थांबते पण बहुतेक चार-पाच महिन्यांतच जातात, सोबत केमो दिली तर साधारण वर्षभर मिळतं. मोठ्या कुत्र्याचं लंगडणं दोन आठवड्यांत गेलं नाही तर एक्सरे काढा, एवढं तरी लक्षात ठेवा.

शरीराला त्रास कसा होतो हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण लोक फक्त गाठीकडे बघतात. गाठ कधी कधी जागेवर बसूनच लांबचा खेळ करते. एक जर्मन शेफर्ड आठवतो, सकाळी फिरायला गेला आणि एकदम पाय गळून बसला, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, दुसऱ्या दिवशी परत ठीक. घरचे म्हणाले उन्हाने झालं असेल. प्लीहेतल्या हिमँजिओसार्कोमातून, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या कॅन्सरमधून पोटात रक्त झिरपत होतं, थोडं शरीराने परत शोषून घेतलं म्हणून तो उभा राहिला. दुसऱ्यांदा फुटलं तेव्हा वेळ उरला नाही. लिम्फोमात जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे गाठी फुगतात, दुखत नाहीत, आणि काही कुत्र्यांत ह्या पेशी असं काही सोडतात की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, कुत्रा सारखं पाणी पितो, सारखी लघवी करतो आणि किडनी बिघडते, आणि मालक येतो ते शुगर असेल का विचारत. स्वादुपिंडाच्या इन्सुलिन करणाऱ्या गाठीत उलट साखर घसरते आणि झटके येतात, लोक फिट म्हणून औषध चालू करतात. ज्या नराचं एक वृषण खाली उतरलेलंच नाही, पोटात राहिलंय, त्यात पुढे गाठ व्हायचा धोका बराच जास्त असतो आणि तिने इस्ट्रोजेन सोडलं तर नराची स्तनाग्रं मोठी होतात, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच झडतात, दुसरे नर त्याच्या मागे लागतात. इथवर लोक हसतात, पण तेच इस्ट्रोजेन हाडातल्या मज्जेला मारतं, रक्त तयार होणं थांबतं आणि कुत्रा त्याने जातो. असं वृषण लहानपणीच काढून टाकलं तर हे सगळं टळतं.

आणि सगळ्यात शेवटी येतं ते झिजणं. जनावर खातंय तरी पाठीचे मणके वर येतात, मांड्या उतरतात, कारण कॅन्सरच्या पेशी साखर ओरबाडतात आणि शरीरात सततची सूज ठेवतात, त्या सुजेमुळे स्नायू विरघळायला लागतात आणि भूकही मरते. अशा वेळी दूध-भात दाबून भरवून फार उपयोग होत नाही. वजन दर पंधरवड्याला लिहून ठेवा, काट्यावर स्वतः उभं राहून, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी. तुमची लॅब उचलवणार नाही, तिला क्लिनिकच्या काट्यावर न्या.

आता मामांचा बैल. तुम्ही लिहिलेली लक्षणं शिंगाच्या कॅन्सरची असू शकतात आणि मी तसंच धरून चालेन. हा आपल्या भारतातला फार जुना आजार, लांब शिंगाच्या देशी जनावरांत, त्यातही खच्ची केलेल्या बैलांत जास्त, साधारण ५ ते १० वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयात, गायीत कमी आणि म्हशीत क्वचितच. रक्त नाकातून का येतं हे समजलं की बाकी आपोआप कळेल. मोठ्या जनावराचं शिंग आतून भरीव नसतं, कपाळाच्या हाडातली पोकळी थेट शिंगात गेलेली असते आणि तीच पोकळी नाकाशी जोडलेली असते. कॅन्सर सुरू होतो तो ह्या पोकळीच्या आतल्या अस्तरात. त्यामुळे बाहेरून शिंग चांगलं दिसतं आणि आत फुलकोबीसारखं मास वाढत असतं, त्यातलं रक्त पोकळीतून त्या बाजूच्या नाकपुडीत उतरतं. मग बैल डोकं झटकतो, मान कलती करतो, शिंग खांबाला घासतो, बुंध्याला हात लावला तर गरम लागतं, टिचकी मारली तर पोकळ वाजायच्या ऐवजी भरल्यासारखं वाजतं. पुढे शिंग हलायला लागतं, वाकतं, आणि एक दिवस गळून पडतं. मग माशी बसते, अळ्या पडतात, वास येतो, आणि तेव्हा आम्हाला बोलावतात.

कारण एकच असं सांगता येत नाही. जू सारखं घासणं, शिंगं साळणं, रंग, कडक ऊन, खच्चीकरणाने बदललेले हार्मोन, ह्या सगळ्यांवर संशय आहे. मी स्वतः बेंदराला शेतकऱ्यांना सांगतो की शिंगं जिवंत भागापर्यंत साळू नका आणि ऑइल पेंट नको, हिंगूळ लावा. शेंब्या, बेगड, झुली, सगळा साज करा, बैलाचा मान तो ठेवलाच पाहिजे.

उपाय म्हणजे शिंग बुंध्यातून काढणं, आणि ते लवकर. नस बधिर करून, थोडी गुंगी देऊन बैल उभा किंवा आडवा ठेवून करता येतं, कातडी ओढून टाके घालतात, पुढे गरजेप्रमाणे व्हिनक्रिस्टीन ह्या कॅन्सरच्या औषधाची इंजेक्शनं. ह्या कॅन्सरची जमेची बाजू अशी की तो बराच काळ जागेवरच खातो, जवळच्या नोडमधे आणि फुफ्फुसात उशिरा जातो, म्हणून शिंग घट्ट असताना काढलं तर कितीतरी बैल परत औताला लागलेले मी पाहिलेत. शिंग गळून मास कपाळात उतरल्यावर मात्र मी खोटी आशा देत नाही. मामा म्हणतील एका शिंगाच्या बैलाची जोडी मोडते, बाजारात किंमत येत नाही. खरंय ते, खिल्लारवाल्याला शिंगाचा डौल म्हणजे काय हे मला माहीत आहे, पण आत्ता प्रश्न शिंगाचा नाहीये, बैलाचा आहे. माणवरून शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येतं, तिथे मोठ्या जनावरांची शस्त्रक्रिया होते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टरही हे ऑपरेशन करतात, आधी त्यांना बोलवा. तोवर शिंगाला डाग देऊ नका, भोकात चुना-डांबर भरू नका, आणि वेदनेसाठी कुणी डायक्लोफिनॅक आणून दिलं तर घेऊ नका, ते दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, मेलॉक्सिकॅम मिळतं.

गोठ्यात होल्स्टिन संकर गायी असतील तर त्यांच्या डोळ्यांकडेही बघत जा. पांढऱ्या, रंग नसलेल्या पापण्यांना ऊन सोसत नाही, पापणीच्या कडेवर किंवा आतल्या तिसऱ्या पापणीवर गुलाबी मोडासारखं दिसलं तर ते भाताच्या शिताएवढं असतानाच काढायचं. कालवडींच्या मानेवर-तोंडावर चामखिळींचे झुपके येतात ते विषाणूचे असतात, बहुतेक काही महिन्यांत आपोआप जातात, घोड्याच्या केसाने बांधून रक्त काढत बसू नका.

दुसऱ्याला लागेल का. तुमच्या कुत्रीची गाठ आणि मामांच्या बैलाचं शिंग, दोन्ही ना माणसाला लागत ना दुसऱ्या जनावराला. मुलांना तिच्या गळ्यात पडू द्या. पण कुत्र्यांमधे खरोखर लागणारा एक कॅन्सर आहे आणि तो आपल्या रस्त्यांवर भरपूर आहे, टीव्हीटी म्हणतात. इथे विषाणू नाही, जंतू नाही, कॅन्सरची जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते, समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून, आणि विरजणासारखी नव्या अंगात लागते. रशियातल्या नोविन्स्की ह्या पशुवैद्याने १८७६ मधे कुत्र्यातली गाठ दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखवली होती. आता जनुकं तपासून कळलंय की जगभरातल्या टीव्हीटीच्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींचे वंशज आहेत. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, ह्या गाठीच्या पेशीत साधारण ५७ ते ५९. तो मूळ कुत्रा कधीच गेला, त्याच्या पेशी अजून आपल्या गल्लीत फिरतायत. मला हे २६ वर्षांनंतरही थक्क करतं. टास्मानियन डेव्हिल ह्या प्राण्यात १९९६ मधे असाच चावण्यातून पसरणारा तोंडाचा कॅन्सर दिसला आणि त्यांची संख्या प्रचंड घटली. त्यामानाने आपल्या कुत्र्यांचं नशीब बरं.

टीव्हीटीत मादीच्या योनीतून किंवा नराच्या लिंगाच्या कातडीतून रक्ताचे थेंब पडतात, लोकांना वाटतं माजावर आलीय किंवा लघवीतून रक्त येतंय. माज संपायला हवा तितक्या दिवसांनी थेंब थांबले नाहीत तर दाखवा. हुंगणाऱ्या कुत्र्यांत नाकातही होतो. आणि हा बरा होतो, बहुतेक वेळा पूर्ण. आठवड्यातून एकदा व्हिनक्रिस्टीन शिरेतून, चार ते सहा आठवडे, कधी थोडं जास्त. हे औषध मुळात अंगणातल्या सदाफुलीतून मिळतं, पण म्हणून सदाफुलीची पानं वाटून पाजू नका, ती विषारी आहेत आणि औषधाचा डोस कुत्र्याच्या शरीराच्या क्षेत्रफळावर मोजून द्यावा लागतो. शिरेबाहेर थेंब गेला तरी मास सडतं, त्यामुळे हे घरी टोचायचं काम नाही. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस कुत्र्याची शी-लघवी ग्लोव्हज घालून साफ करा, घरात गरोदर बाई असेल तर तिला ते काम देऊ नका. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी झाली की हा आजार कमी होत जातो, म्हणून त्या गाड्या येतात तेव्हा कुत्री लपवू नका, कृपा करून.

मांजरवाल्यांनाही एक शब्द. कुत्रीच्या दुधाच्या गाठींतल्या साधारण निम्म्या वाईट निघतात, मांजरीच्या दहापैकी आठ-नऊ. मांजरीत वाटाणासुद्धा थांबू द्यायचा नाही. आणि माज थांबवायची हार्मोनची इंजेक्शनं-गोळ्या कुत्री-मांजरींना देऊ नका, त्याने ह्याच गाठी वाढतात. अजून एक, गाठी फुगल्यात म्हणून तपासायच्या आधीच स्टेरॉइड सुरू करू नका, लिम्फोमा असेल तर गाठी चार दिवस बसतात, निदान पुसलं जातं आणि पुढची केमो नीट लागत नाही.

आता तुमच्या लॅबचं. लिंबाएवढी म्हणजे तीन सेंटीमीटरच्या पुढे गेली असणार, तीनच्या आत काढलेल्या गाठींचा निकाल जास्त चांगला लागतो, म्हणून अजून वाढू देऊ नका. रक्ततपासणी, छातीचे एक्सरे, पोटाची सोनोग्राफी. सगळं स्वच्छ असेल तर त्या बाजूच्या मागच्या ग्रंथी जांघेतल्या नोडसकट काढणं आणि त्याच भुलीत गर्भाशय-अंडाशयही. ह्या वयात गर्भाशयात पू होण्याचा धोका वेगळाच असतो, तो तरी संपतो. नसबंदीमुळे गाठी टळतात का, तर १९६९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात न केलेल्या कुत्रीच्या तुलनेत पहिल्या माजाआधी केली तर धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के, दोन किंवा जास्त माजांनंतर २६ टक्के असं आलं होतं. नंतरच्या लोकांनी त्या पुराव्यावर शंका घेतल्यात आणि मोठ्या जातीत फार लवकर केली तर सांध्यांचा विचार करावा लागतो, तरी पिल्लं घ्यायची नसतील तर मी अजूनही लवकर करायलाच सांगतो, इतक्या गाठी मी कापल्यात.

काढलेली प्रत्येक गाठ, बारकीसुद्धा, वेगवेगळ्या बरणीत १० टक्के फॉर्मॅलिनमधे, गाठीच्या दहापट द्रवात, प्रयोगशाळेत जाईल ह्याची खात्री करा. शेजारची बारीक गाठ वेगळ्याच जातीची निघू शकते. "काढली ना, मग तपासायची कशाला" असं कुणी म्हटलं तर पैसे तुम्ही भरा आणि पाठवाच, केमोचा निर्णय त्या कागदावर होतो. ऑपरेशनला एकच अपवाद, सगळ्या सडांची रांग एकदम लाल, गरम, दगडासारखी कडक आणि दुखरी झाली असेल तर तो सुजेसारखा दिसणारा वाईट प्रकार असू शकतो, त्यात ऑपरेशनने फायदा होत नाही, फक्त वेदना कमी ठेवायची. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाहीये.

तोवर गाठ चोळू नका, शेकू नका, हळद-तुरटीचा लेप नको, आणि माणसांची आयब्रुफेन-कॉम्बिफ्लॅम अजिबात नको, कुत्र्याचं पोट आणि किडनी जाते. मांजरीला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेते.

आणि घरातले म्हणतात ना की ९ वर्षांच्या कुत्रीला भूल झेपणार नाही, तर वय हा आजार नाही. हृदय, किडनी, यकृत ठीक असेल तर बारा-तेरा वर्षांच्या कुत्र्यांनाही भूल दिलेली आहे मी. त्यासाठीच आधी रक्त तपासायचं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री हलकं जेवण द्या, सकाळी काही खायला देऊ नका, पाणी चालेल, आणि तिची रोजची चादर सोबत घेऊन या, शुद्धीवर येताना घरचा वास असला की त्या शांत राहतात.